ओसरी की पोर्च? विदर्भातल्या घरापुढे काय बांधायचं

गावात नवं घर निघालं की मिस्त्रीपुढे एक मागणी हमखास येते : "समोर पोर्च काढा जी. गाडीही उभी राह्यली पाहिजे, आन बुढ्याची बाजही पडली पाहिजे." मिस्त्री मान हलवतो, चार खांब उभे राहतात, वर स्लॅब किंवा टिन पडतं. मे महिन्यात गाडी तिथेच असते आणि म्हाताऱ्यांची बाज घरामागच्या निंबाखाली गेलेली असते. दारापुढे छप्पर आलं म्हणजे ओसरी झाली, असं आपण धरून चालतो. ओसरी माणसांच्या बसण्या-निजण्यासाठी आहे, पोर्च वाहनासाठी, आणि दोघांची मापं एकमेकांच्या विरुद्ध जातात. एकाच छपराकडून दोन्ही कामं मागितली की माणसाची बाजू पडते.

पोर्चला उंची लागते. ट्रॅक्टर किंवा मालवाहू गाडी आत घ्यायची तर छप्पर १० फुटांच्या आसपास हवं. छोटी कार साधारण ४ मीटर लांब असते. दारं उघडून उतरायचं तर १० फूट रुंदी आणि १६ फूट लांबी धरावी. जमीन अंगणाच्या जवळपास बरोबरीत, नाहीतर चाक चढणार कसं?

ओसरीचं जोतं मात्र अंगणापासून दीड-दोन फूट वर. काठावर पाय सोडून बसता आलं पाहिजे, आणि पावसाळ्यात अंगणातला चिखल वर येता कामा नये. आतली रुंदी ७-८ फूट, म्हणजे बाज आडवी टाकूनही माणूस बाजूने जातो. वळचण, म्हणजे छपराची खालची कड, ओसरीच्या जमिनीपासून साडेसहा-सात फुटांवर, हात वर केला की बोटं लागतील इतकी खाली. नव्या घरात लोकांना हीच खाली उतरलेली वळचण नकोशी वाटते. "घर दबल्यासारखं दिसते," म्हणतात. पण ओसरीचा सगळा गारवा तिच्यावरच उभा आहे.

कसा, ते उन्हाच्या हिशेबाने पाहू. मेच्या शेवटी दुपारी तीनच्या सुमारास नागपूरकडे सूर्य क्षितिजापासून साधारण ५० अंशांवर, पश्चिमेला असतो. पश्चिममुखी घराच्या १० फूट उंच पोर्चमध्ये तेव्हा ऊन जवळपास ८ फूट आत येतं. साडेसहा फुटांच्या वळचणीखाली ते साडेपाच फुटांवर थांबतं, म्हणजे भिंतीलगत बसायला थोडी जागा उरते. साडेचारला सूर्य ३० अंशांपर्यंत उतरतो. मग पोर्चमध्ये ऊन १७ फूट शिरतं आणि ओसरीतही ११ फूट, म्हणजे पार भिंतीवर चढतं. पश्चिमेचं संध्याकाळचं ऊन नुसत्या छपराने अडत नाही. तिथे बांबूचे तट्टे टांगावे लागतात किंवा त्या बाजूला जाळीची भिंत घ्यावी लागते.

दक्षिणमुखी घर असेल तर ओसरीसारखं सुख नाही. आपण २१ अक्षांशाच्या आसपास राहतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा ओसरीत ऊन येतच नाही. डिसेंबरात तोच दक्षिणेकडे कलून भर दुपारी ४५ अंशांवर राहतो, आणि ७ फुटांच्या वळचणीखालून ऊन ७ फूट आत, थेट भिंतीपर्यंत येतं. उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन, तेही एका पैशाचा खर्च न करता. पोर्चच्या उंचीला हे नेमकेपण साधत नाही.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर एप्रिलच्या दुपारी वर्ध्याजवळ सेवाग्रामला जावं. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. बापूकुटी आणि आदि निवास अजून उभे आहेत : मातीच्या भिंती, बांबू-लाकडाचा सांगाडा, कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर आणि त्याखाली सावलीचा पट्टा. अंगणातून आत पाऊल टाकलं की फरक अंगाला कळतो.

आता छपराचं. कवेलू गेले आणि टिन आलं, याची कारणं खरी आहेत. वांदरांची टोळी एकदा घरावरून गेली की अर्धे कवेलू फुटतात, दरवर्षी पावसाआधी ते फेरायला माणूस मिळत नाही, आणि गावचा कुंभार आता कवेलू करत नाही. त्यामुळे टिन घातलं म्हणून मी कोणाला नावं ठेवणार नाही. पण उघड्या टिनाखाली माणूस बसू शकत नाही. पत्रा तापतो आणि ती उष्णता खाली फेकत राहतो. सावलीत बसूनही डोकं तापतं ते यामुळे. गाडीला त्याचं काही नाही. माणसांसाठी टिन घालायचंच असेल तर त्याखाली ६ ते ९ इंच जागा सोडून बुरडाकडचे तट्टे बसवा, आणि वरची पोकळी दोन्ही टोकांनी उघडी ठेवा. गरम हवा तिथून निघून जाते. वरून पांढरा चुना किंवा पांढरा रंग मारला तर आणखी फरक पडतो. पोकळी बंद केली तर मात्र तट्ट्यांचा अर्धा उपयोग वाया जातो, आणि बहुतेक ठिकाणी ती बंदच केलेली दिसते.

वाऱ्याचीही गोष्ट आहे. तिन्ही बाजूंनी मोकळ्या पोर्चमध्ये वळवाचा वारा खालून शिरतो आणि छप्पर वर उचलतो. पत्र्यावर दगड ठेवून हे थांबत नाही, उलट तेच दगड खाली येतात. पत्रा पाइपाला बोल्ट किंवा स्क्रूने आवळलेला, पाइप खांबाला पक्का आणि खांब काँक्रीटच्या पायात गाडलेला हवा.

पायाबद्दल सगळ्यात जास्त काळजी घ्या, विशेषतः काळ्या मातीत. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आटून हातभर भेगा देते. घराचा पाया खोल असतो, पण पोर्चचे खांब "दोन फुटांत भागते" म्हणून वरवर उभे केले जातात. घर जागेवर राहतं, खांब मात्र ऋतूप्रमाणे वर-खाली होतात, आणि वर्षा-दोन वर्षांत जोडावर तिरपी चीर पडते. मग ती सिमेंटने भरायची, ती पुन्हा उघडते. चीर भरणं हा उपाय नाही. खांबाचा खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या, बाजूने काळी माती न टाकता मुरूमच भरा, आणि जुन्या घराला नवा पोर्च लावताना दोघांत इंचभर फट सोडा. फटीवर पत्र्याची पट्टी अशी वाकवा की पाणी आत उतरणार नाही. तिची वरची कड भिंतीत खाच पाडून बसवा. ओसरी घरासोबतच, एकाच जोत्यावर बांधली असेल तर हा प्रश्न बराच कमी होतो. ती मागाहून काढायची असेल तर पोर्चचेच नियम तिलाही लागू.

जमिनीचं थोडक्यात : पोर्चमध्ये गट्टू (सिमेंटचे पेव्हर ब्लॉक) चांगले, कारसाठी ६० मिलिमीटरचे, ट्रॅक्टर येणार असेल तर ८० चे. ओसरीत शहाबादी किंवा कोटा. गुळगुळीत टाइल पावसाच्या झडीत ओली होते आणि वयस्क माणूस घसरतो.

घरकुलवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. एवढ्यात कुटुंब मावत नाही, म्हणून हात मोकळा झाला की पुढे छप्पर निघतंच. अशा घराला माझं स्पष्ट मत : पोर्च नको, ओसरीच काढा, घराच्या पूर्ण रुंदीची. तिथे तूर निवडता येते, कापसाच्या गाठोड्यावर पावसाची सर येत नाही, पाहुणा दारातच टेकतो, आणि समोरच्या भिंतीला पाण्याचा मार बसत नाही. मोटारसायकल एका टोकाला उतार करून चढवता येते. कार घ्याल तेव्हा तिला बाजूच्या मोकळ्या जागेत वेगळं टिन उभं करा. मोठी जागा असेल तर दोन्ही बांधा, पण दोन वेगळ्या उंचीची छपरं म्हणून, आणि पोर्च ओसरीच्या समोर न आणता कडेला. समोर आणला तर ओसरीचा वारा आणि हिवाळ्यातलं ऊन दोन्ही अडतं.

ज्यांची जुनी ओसरी अजून उभी आहे, त्यांनी ती पाडून पोर्च काढायची घाई करू नये. सागवानी खांब बहुधा फक्त बुडाशी, जमिनीच्या ओलीने आणि वाळवीने खालून फूटभर कुजलेला असतो. टोचणीने टोचत वर जा. जिथे टोक आत जात नाही, तिथून वर लाकूड निरोगी आहे. तुळईला दोन बल्ल्यांचा टेकू द्या, कुजका भाग कापा आणि खांब दगडाच्या किंवा काँक्रीटच्या बैठकीवर उतरवा. बैठक जमिनीपासून निदान ६ इंच वर असू द्या. एका वेळी एकच खांब घ्या, आणि कवेलू उतरवायचे असतील तर हे सगळं मृगाच्या पंधरवडाभर आधी उरकून ठेवा.