एका खोलीत आपापलं गाणं: मुंबईच्या घरांत हेडफोन कसा आला

घरात हेडफोन लावून बसलेल्या माणसाबद्दल आपल्याकडे एक तक्रार ठरलेली आहे: याला घरच्यांशी बोलायचं नसतं. मुंबईपुरती तरी मला ती पटत नाही. इथे घरात हेडफोन लावायची कारणं गाण्यात आहेतच, पण तेवढीच ती खोलीच्या मापात, कामाच्या पाळ्यांत आणि भिंतींच्या जाडीत आहेत.

हेडफोन आज आला असं वाटत असलं, तरी घरोघरचं रेडिओ ऐकणं त्याच्यापासूनच सुरू झालं. अमेरिकेत नॅथॅनिएल बाल्डविन या गृहस्थाने १९१० च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरात हेडफोनचे जोड तयार करून तिथल्या नौदलाला विकले. मुंबईत १९२३ साली रेडिओ क्लबच्या हौशी मंडळींनी प्रक्षेपण सुरू केलं आणि २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. प्रक्षेपक अवघा दीड किलोवॅटचा. त्या काळातला सगळ्यांत स्वस्त संच म्हणजे स्फटिकावर चालणारा, म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला वीज लागत नसे, बॅटरी लागत नसे. हवेतून तारेत उतरलेल्या लहरींच्या शक्तीवरच तो बोलायचा. ती शक्ती इतकी क्षीण, की कानाला चिकटलेली पातळ चकती हलवण्यापलीकडे तिच्याने काही होत नसे. त्यामुळे क्रिस्टल सेट म्हटला की हेडफोन आलाच. एकट्याने ऐकणं ही तेव्हा कुणाची निवड नव्हती, यंत्राची मर्यादा होती.

आवाज मोठा करणाऱ्या काचेच्या नळ्यांचे, म्हणजे व्हॉल्वचे रेडिओ आणि लाउडस्पीकर आले आणि ही मर्यादा संपली. पुढची चाळीसेक वर्षं रेडिओ ही घराची, किंबहुना मजल्याची वस्तू झाली. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं आणि आठवड्याला एक गीत या हिशेबाने वर्षभर चाललं, तेव्हा ज्याच्याकडे रेडिओ त्याच्याकडे शेजारपाजार जमायचा. १९५७ मध्ये विविध भारती आली. 'आपली आवड' लागली की गॅलरीभर एकच गाणं ऐकू यायचं. त्या सामुदायिक ऐकण्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ जिव्हाळ्याने लिहिलं गेलंय आणि ते खोटं नाही. पण त्याच खोल्यांत ज्यांना त्या वेळी ऐकायचं नव्हतं, त्यांच्याबद्दल फारसं कुणी लिहिलेलं नाही.

बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या बीडीडी चाळींचंच पाहा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, १९२० च्या दशकात बांधलेल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. त्यातच मोरी, त्यातच स्वयंपाक, त्यातच अंथरुणं. गिरणगावातल्या कितीतरी गाळ्यांत तर गावाकडून आलेले पुरुष पाळीपाळीने झोपायचे. पहिल्या पाळीचा उठून गेला की रातपाळीचा येऊन त्याच जागेवर आडवा व्हायचा. अशा खोलीत दिवसाची कुठलीही वेळ काढा, कुणीतरी झोपलेलं असायचंच. कुणी आजारी, कुणाची परीक्षा, कुणाचं बाळ नुकतंच झोपलेलं. मोठ्याने रेडिओ लावायचा तर आधी सगळ्यांचे चेहरे बघावे लागत. घरात हेडफोन का, या प्रश्नाचं मुंबईतलं मूळ उत्तर मला तरी इथेच सापडतं. हेडफोन हातात येण्याच्या कितीतरी आधीपासून त्याची गरज या खोल्यांत होती.

ती भागवायला पहिल्यांदा आला ट्रान्झिस्टर. त्याच्यासोबत एका कानात घालायचा छोटा इअरफोन मिळायचा. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, गाण्याचा रस त्यात फारसा उतरत नसे. क्रिकेटच्या कॉमेंट्रीला मात्र तो पुरेसा होता, आणि रात्री दहाला विविध भारतीचं 'छायागीत' उशाशी ऐकायलाही. घरातले दिवे मालवल्यावरही आपलं ऐकणं चालू ठेवता येतं, हे त्या एका कानाच्या तारेने दाखवून दिलं.

संगीतासाठीचा हेडफोन परदेशात तोवर बराच पुढे गेला होता. जर्मनीत बायर कंपनीने १९३७ मध्येच डीटी ४८ हा हेडफोन काढला होता. १९५८ मध्ये मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी स्टीरिओ हेडफोन आणला आणि १९६८ मध्ये सेनहायझर कंपनीचा, कानावरच्या कपांची मागची बाजू उघडी असलेला, हलका एचडी ४१४ आला. मुंबईत हे मोजक्या शौकिनांपुरतंच राहिलं. सामान्य माणसाला निवांत, फक्त स्वतःसाठी गाणं ऐकायला मिळायचं ते फार तर काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये. तिथे रेकॉर्ड घेण्याआधी ऐकून पाहायला बंद कप्पे होते. दार लावून घेतलं की काही मिनिटं गाणं तुमचं एकट्याचं. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं, याची हळहळ या शहरातल्या गाणं ऐकणाऱ्यांना अजून वाटते.

खरा बदल वॉकमनने केला. १ जुलै १९७९ रोजी सोनीने तो जपानमध्ये बाजारात आणला. त्याचा हेडफोन पन्नास ग्रॅमच्या आसपास, कानावर स्पंजच्या गाद्या. पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी दोन जागा होत्या आणि एक नारिंगी बटणही होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि दोघा ऐकणाऱ्यांना एकमेकांशी बोलता यायचं. सोनीचे अकिओ मोरिता यांना काळजी होती, की दुसऱ्यासमोर एकट्यानेच गाणं ऐकत बसणं लोकांना उद्धटपणाचं वाटेल. पुढच्या मॉडेलांत ते बटण राहिलं नाही.

आपल्याकडे वॉकमन आला तो बहुतेक आखाती देशांत नोकरीला गेलेल्या नातेवाइकांच्या बॅगेतून, नाहीतर मनीष मार्केट, मुसाफिरखाना, हिरापन्ना अशा परदेशी माल मिळणाऱ्या बाजारांतून. इथे मोरितांची काळजी उलटी लागू पडली. १६० चौरस फुटांत टेप मोठ्याने लावणं हा उद्धटपणा, आणि कानाला लावून ऐकणं ही समजूतदारी. तीही पुरती साधायची नाही. त्या स्पंजमधून बारीक आवाज बाहेर पाझरायचा, आणि दोन फुटांवर झोपलेल्या भावाला रात्रभर कुणी लांबून टाळ कुटतंय असं वाटायचं. मग उशी कानावर, मग एक लाथ, मग आवाज अजून खाली.

आवाजाइतकीच आवडीचीही सोय झाली, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. घरात एक रेडिओ असताना वडिलांच्या बातम्या, आजीचं कीर्तन आणि आईची भावगीतं यांतून उरेल ती वेळ मुलांची. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या आणि घरातल्या प्रत्येकाला आपला संग्रह करता येऊ लागला. ज्या पोराला स्वतःची खोली सोडाच, स्वतःचं कपाटही नव्हतं, त्याला गझल, रॉक किंवा ख्याल अशी स्वतःची आवड मात्र घडवता आली. इतक्या दाटीवाटीत खासगी म्हणावी अशी तेवढीच जागा होती.

त्यानंतरचे टप्पे झपाट्याने आले. २००२ च्या सुमारास मुंबईत खासगी एफएम वाहिन्या सुरू झाल्या. कीपॅडच्या मोबाइलवर एफएम लावायचं तर इअरफोन जोडावाच लागे, कारण त्याची तारच फोनची एरियल असायची. म्हणजे क्रिस्टल सेटनंतर पुन्हा एकदा यंत्रानेच तो सक्तीचा केला. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आला, डेटा स्वस्त झाला आणि बिनतारी इअरबड हळूहळू सगळ्यांच्या आवाक्यात आले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तर एका वनरूम किचनमध्ये आईची मीटिंग, मुलीची ऑनलाइन शाळा आणि आजोबांची मालिका एकाच वेळी चालायची. ज्या घरांत तोवर हेडफोन नव्हता तिथेही तेव्हा घ्यावा लागला.

आज चाळ पाडून टॉवर झाले, तरी गरज संपलेली नाही. नव्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा चार इंची असतात. भिंत जितकी जड तितका ती आवाज अडवते, आणि खालचे स्वर अडवणं सगळ्यांत कठीण. स्पीकरवरचा तबला शेजाऱ्याकडे पोचतो तो डग्ग्याच्या नुसत्या घुमाऱ्याने, तबल्याच्या कडेवरचा, म्हणजे चाटीचा बोल अलीकडेच राहतो. छोट्या खोलीत तोच खर्ज भिंतींवर आदळून आपल्यालाही गढूळ ऐकू येतो. हेडफोनमध्ये खोलीच मधून निघून जाते. तानपुऱ्याच्या तारांची गुंजणारी जवार, गायकाचा श्वास, सारंगीवरची बोटं हे सगळं मग स्पष्ट होतं. केवळ गाण्यासाठी हेडफोन निवडणाऱ्यांचं हे कारण मला पूर्ण पटतं.

कायदाही आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रस्त्यालगतच्या घरात बसून हे आकडे वाचताना वाईट वाटतं. हॉर्न, बांधकाम, मिरवणुका यांनी खिडकीतूनच एवढं आत येतं, की आता पुष्कळजण हेडफोन लावतात ते बाहेरचा गोंगाट थांबवायला. अमर बोस यांना गोंगाट कमी करणाऱ्या हेडफोनची कल्पना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचली होती. २००० साली त्यांच्या कंपनीने तसा हेडफोन सर्वसामान्य ग्राहकांसाठी आणला.

धोकाही इथेच आहे. साधे इअरबड बाहेरचा आवाज अडवत नाहीत, म्हणून माणूस गाण्याचा आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त ४. रस्त्याकडे खिडकी असलेल्या घरात ही दहा डेसिबलची वाढ नकळत होते, म्हणून तिथे ऐकणाऱ्याने कान पूर्ण झाकणारा किंवा गोंगाट कमी करणारा हेडफोन घ्यावा आणि आवाज खाली ठेवावा. स्वयंपाक करता करता ऐकणाऱ्या कित्येक बायका कुकरच्या शिट्ट्या आणि दारावरची बेल कळावी म्हणून एकच इअरबड लावतात. त्यांनीही त्या एका कानात आवाज चढवू नये.