जावक क्रमांक नसलेलं टपाल

गेल्या आठवड्यात आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी विचारलं, “वायफायच्या डब्यातच फायरवॉल आहे, असं तो बसवणारा मुलगा म्हणाला. मग आता कुठल्याही लिंकवर बोट लावलं तरी चालेल ना?” नाही काकू, मुळीच चालणार नाही. पण तो मुलगा खोटंही बोलला नव्हता. न मागवलेलं काही बाहेरून आत येऊ न देणारी राखण, म्हणजे फायरवॉल, त्या डब्यात, म्हणजे राउटरमध्ये, असतेच.

इंटरनेटचे जुने, म्हणजे आयपी (इंटरनेटवरच्या पत्त्यांची पद्धत) आवृत्ती ४ चे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे ३२ शून्य-एकांचे. ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी होतात. एवढे पुरणार नाहीत हे १९९० च्या दशकातच दिसायला लागलं, आणि १९९४ साली ‘नॅट’ हा तोडगा मांडला गेला. घरातल्या फोन-लॅपटॉपना खासगी पत्ते द्यायचे (बहुतेक घरांत ते १९२.१६८ ने सुरू होतात) आणि पॅकेट, म्हणजे माहितीचं छोटं पाकीट, बाहेर पडताना राउटरने त्यावर स्वतःचा पत्ता घालायचा. हेतू पत्ते वाचवण्याचा होता, सुरक्षा ओघाने मिळाली.

ती कशी मिळाली हे सरकारी कचेरीशी पत्रव्यवहार केलेल्यांना चटकन कळेल. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राला जावक क्रमांक पडतो. उत्तरावर ‘संदर्भ : आपले पत्र जा. क्र. अमुक’ असं लिहिलेलं असतं आणि त्यावरून टपाल शाखा ते योग्य टेबलावर पोचवते. राउटरही अशीच नोंदवही ठेवतो. समजा १९२.१६८.१.७ या फोनने ५१५१४ क्रमांकाच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरची क्रमांक दिलेली खिडकी) बँकेच्या संकेतस्थळाला काही विचारलं. राउटर त्याला स्वतःचा ४००२२ हा पोर्ट देतो, नोंद करतो आणि पॅकेट पाठवतो. उत्तर ४००२२ वर आलं की नोंद बघून ते फोनकडे जातं. बहुतेक राउटर उत्तर त्याच पत्त्यावरून आलंय ना, हेही ताडून बघतात. ४००२३ वर कुणी काही पाठवलं आणि तशी नोंदच नसली, तर पॅकेट तिथेच टाकून दिलं जातं. इंटरनेटवर दिवसरात्र दारं ठोठावत फिरणाऱ्या प्रोग्रॅमांची गत बहुतेक वेळा अशीच होते.

मग अमेरिकेतल्या मुलीचा व्हिडिओ कॉल पुण्यातल्या घरात शिरतो कसा? तो तर आपण मागितलेला नसतो!

रिंग वाजते ती फोनने कंपनीच्या सर्व्हरशी आधीपासून उघडून ठेवलेल्या जोडणीतून. खरी गंमत पुढे आहे. आवाज आणि चित्र पुष्कळदा सर्व्हरला वळसा न घालता थेट जातात, आणि दोन्हीकडचे राउटर तर अनोळखी पॅकेट घेत नाहीत. म्हणून दोन्ही फोन आधी मधल्या सर्व्हरला विचारतात, “मी तुला कुठल्या पत्त्यावर, कुठल्या पोर्टवर दिसतोय?” ती उत्तरं एकमेकांना कळवली जातात आणि दोघंही जवळजवळ एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेट सोडतात. पुण्याचं पॅकेट तिकडे लवकर पोचलं तर फेकलं जाईल. जाऊ दे! बाहेर पडताना त्याने पुण्याच्या वहीत नोंद करून ठेवली, तेवढंच हवं होतं. आता तिकडून येणारं पॅकेट पुण्याच्या राउटरला ‘उत्तर’ वाटतं. दोन बंद दारं अशी आतूनच उघडतात. मला ही युक्ती आजही तितकीच सुंदर वाटते. काही राउटर मात्र दर नव्या पत्त्यासाठी नवा पोर्ट देतात. तिथे सर्व्हरने सांगितलेला क्रमांक चुकतो आणि कॉल सर्व्हरमार्फतच फिरवावा लागतो. शिवाय असे कॉल यूडीपी या पॅकेट पाठवण्याच्या ज्या साध्या पद्धतीने जातात, तिथे ‘संपलं’ असं सांगणारी खूणच नसते. त्यामुळे राउटर घड्याळावर चालतो. थोडा वेळ काही हालचाल नसली की नोंद खोडली जाते. म्हणून अ‍ॅप अधूनमधून छोटी पॅकेट पाठवून ती नोंद जिवंत ठेवतात.

ही वही बोलणं कुणी सुरू केलं एवढंच बघते, पाकिटात काय आहे ते बघत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ‘लग्नपत्रिके’ची एपीके (म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) फाइल आपणच उतरवून घेतली, तर राउटरच्या लेखी ते मागवलेलं टपाल. कॅमेऱ्यासारखं उपकरणही यूपीएनपी या सोयीने परस्पर राउटरला दार उघडायला सांगू शकतं. गरज नसेल तर ती सोय बंद ठेवावी. २०१६ साली ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमने थेट इंटरनेटवरून गाठता येणारे असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याच्याकडे कारखान्यातून येतात त्याच साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या होत्या. आयपी आवृत्ती ६ मध्ये पत्ते मुबलक, त्यामुळे नॅटची गरज उरत नाही. पण नोंदवही तिथेही लागतेच, आणि ती चालू आहे ना हे राउटरच्या सेटिंगमध्ये पाहून घ्यावं.

  

काकूंच्या राउटरचं सेटिंगचं पान उघडलं. पासवर्ड अजून ‘अ‍ॅडमिन’च होता. आधी तो बदलला, मग चहा घेतला.