नास्तिकाचे चरित्रनाट्य

देवधर्म उघडपणे नाकारून समाजाचा रोष ओढवून घेणाऱ्या खऱ्या व्यक्तीच्या आयुष्यावर बेतलेले नाटक किंवा चित्रपट. मराठीत संतपटांची आणि ऐतिहासिक नाटकांची रेलचेल आहे, त्या मानाने हा प्रकार विरळा. मुंबईपुरते बोलायचे तर लेखक-दिग्दर्शक पुन्हा पुन्हा ज्यांच्याकडे वळले ते चरित्रनायक म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३). अमोल पालेकर यांचा ‘ध्यासपर्व’ (२००१) हा चित्रपट आणि अजित दळवी लिखित, अतुल पेठे दिग्दर्शित ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक ही त्यांच्यावरील दोन परिचित कामे.

कर्वे हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, पेशाने गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. ते शिकवत त्या विल्सन कॉलेजच्या मिशनरी चालकांना हे रुचले नाही आणि १९२५ मध्ये नोकरी सुटली. १५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. मासिक जवळजवळ एकहाती चालले, ते १९५३ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतरच थांबले. ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून १९३१ मध्ये त्यांना १०० रुपये दंड झाला आणि हायकोर्टातले अपीलही फेटाळले गेले. १९३४ च्या खटल्यात प्रकरण वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचे होते. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. तरी २०० रुपये दंड झालाच.

नाटककाराची पहिली अडचण अशी की देव न मानणे ही काही रंगमंचावर करून दाखवण्याची कृती नाही. नायक दर प्रवेशात देवाविरुद्ध बोलू लागला की वीस मिनिटांत त्याचे व्याख्यान होते. त्यापेक्षा त्याचे काम दाखवलेले बरे: मुद्रिते तपासणे, वर्गणीचा हिशेब, केंद्रात संकोचून आलेल्या माणसाशी तांत्रिक भाषेत बोलणे. कर्व्यांचा नास्तिकपणा त्या कोरड्या, गणिती नेमकेपणात दिसतो. गोंडस वाक्ये तोंडी घातली की पात्र हातचे जाते.

दुसरी चूक जास्त गंभीर आणि जास्त वेळा होणारी आहे. कर्व्यांवरचे हे खटले अश्लीलतेचे, म्हणजे भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ खालचे होते. धार्मिक भावना दुखावण्याचे कलम २९५-अ हे १९२७ साली, मासिकाच्या जन्माच्याच वर्षी, कायद्यात आले. त्यामुळे दोहोंची गल्लत करायला सोपे जाते. पण देव नाकारला म्हणून शिक्षा झाली असे दाखवणे हे चरित्रनाट्य नव्हे, सोयीचे रूपक आहे. त्या काळची कोर्टे १८६८ च्या इंग्लंडमधील हिकलिन खटल्याची कसोटी लावत: ज्यांचे मन सहज बिघडू शकते अशांच्या हाती हा मजकूर पडला तर तो त्यांना बिघडवील का, एवढेच पाहायचे. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता, या बचावाला तेथे फारशी किंमत नव्हती. हे प्रेक्षकाला आधी कळले नाही, तर एवढा मोठा वकील असूनही कर्वे हरले कसे हे उमगतच नाही.

कोर्टाच्या प्रवेशात तपशिलाचे खड्डे फार. नास्तिक नायकासमोर गीता धरून ‘शपथ घ्या’ म्हणणे हा लेखकाला हमखास सुचणारा प्रसंग, आणि तो दोन्ही अंगांनी खोटा. १८७३ च्या शपथ कायद्याप्रमाणे हिंदू साक्षीदार ग्रंथावर हात न ठेवता केवळ प्रतिज्ञेवर साक्ष देत असे. शिवाय १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४२ नुसार आरोपीला शपथ द्यायचीच नसे. स्वतःच्या बाजूने साक्षीदार म्हणून उभे राहण्याची मुभा आरोपीला १९५५ च्या दुरुस्तीने मिळाली. म्हणजे १९३४ मधले कर्वे शपथेवर बोलू शकतच नव्हते. लाकडी हातोडा आपल्याकडच्या कोर्टात वापरत नाहीत, तो परदेशी चित्रपटांतून आला. प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटपुढे, म्हणजे तेव्हाच्या मुंबईतल्या फौजदारी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे, ज्युरी बसत नसे. ‘माय लॉर्ड’ हे संबोधन हायकोर्टातले. मॅजिस्ट्रेटला ‘युवर वर्शिप’ म्हणत. दंडाची रक्कम मोजताना रुपये-आणे-पै. नवे पैसे १९५७ चे. बाहेरचा आवाज हवा असेल तर ट्रामची घंटा चालेल, ट्राम मुंबईत ३१ मार्च १९६४ पर्यंत धावत होती.

आंबेडकरांचे पात्र हा मोहाचा भाग. त्यांच्या एंट्रीला टाळी ठरलेली असते, आणि त्यानंतर प्रेक्षक कर्व्यांकडे पाहीनासा होतो. म्हणून त्यांना दुसऱ्या अंकात आणून संवाद कायद्याच्या मुद्द्यांपुरते ठेवलेले बरे. कर्व्यांच्या पत्नी मालतीबाई यांची भूमिका उलट नेहमी कमी लिहिली जाते. मूल न होऊ देण्याचा निर्णय दोघांचा होता आणि शस्त्रक्रिया कर्व्यांनी स्वतःवर करून घेतली. घरातला खरा नाट्यविषय तो आहे, पण बहुतेक संहिता त्याला एका प्रवेशात उरकतात.

साधनांची गोष्ट सोपी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे कॉपीराइट राहतो. त्यामुळे कर्व्यांनी हयातीत छापलेले लेखन १ जानेवारी २०१४ पासून सर्वांना खुले आहे, उतारे संवादात घेता येतात. नंतरच्या चरित्रकारांच्या पुस्तकांना मात्र ही मोकळीक नाही. कर्व्यांचा मजकूर जसाच्या तसा घेतला की वाक्ये लांबतात आणि नटाचा दम तुटतो. वाक्य छाटावे, शब्द बदलू नयेत.

महाराष्ट्रात व्यावसायिक प्रयोगाआधी संहिता मंजुरीसाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. ते प्रॉपर्टी, म्हणजे प्रयोगातली वस्तू, म्हणून नटाच्या हातात दिले तर तिसऱ्या रांगेपलीकडे कोणाला दिसत नाही, आणि पडद्यावर मोठे करून दाखवले तर आक्षेपाला तोंड द्यावे लागते, ही तयारी आधीच ठेवावी. मंजुरी मिळते ती लिहिलेल्या संहितेला. धर्मावरच्या वाक्याला हशा मिळाला की पुढच्या प्रयोगात नट त्यावर आयत्या वेळी अ‍ॅडिशन घेतो, आणि तक्रार नेमकी त्या न लिहिलेल्या वाक्यावर येते. तालमीतच याला आळा घालावा लागतो.

शुभारंभाच्या प्रयोगाला रंगमंचावर नारळ फोडणे आणि तिसऱ्या घंटेनंतर ‘रंगदेवतेला विनम्र अभिवादन करून’ अशी घोषणा करणे ही मराठी रंगभूमीची रीत. अशा नाटकाच्या बाबतीत ती पाळायची की घोषणेतून रंगदेवता वगळून थेट रसिकांना नमस्कार करायचा, हे ज्या त्या संस्थेने ठरवायचे. बॅकस्टेजच्या मंडळींना मात्र नारळ लागतोच.