एनपीपी आणि एनईपी: बाग वाढली म्हणजे कार्बन साठला असं नाही

कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांचे ‘कार्बन अहवाल’ बहुतेक एकाच साच्यातले असतात. उपग्रहावरून वर्षाची एनपीपी (निव्वळ प्राथमिक उत्पादन, म्हणजे झाडांच्या स्वतःच्या श्वसनानंतर उरलेला कार्बन) काढायची, तिला ३.६७ ने गुणायचं आणि ‘बाग इतके टन कार्बन डायऑक्साइड साठवते’ असं ठोकून द्यायचं. गुणाकार बरोबर असतो, कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४ भागिले कार्बनचा अणुभार १२ एवढंच ते. चूक ‘साठवते’ या शब्दात असते.

जीपीपी बहुतेकांना ठाऊक असते: पानांनी प्रकाशसंश्लेषणातून ओढलेला सगळा कार्बन. त्यातून झाडाचं स्वतःचं श्वसन वजा केलं, मुळांचंसुद्धा, की एनपीपी, म्हणजे ढोबळमानाने निम्मं उरतं. मोडिस या नासाच्या उपग्रहावरच्या उपकरणाच्या आठ दिवसांच्या फाइलीतला ‘पीएसएननेट’ हा थर मात्र एनपीपी म्हणून वापरू नका. त्यात वाढीसाठी लागणारं श्वसन वजाच केलेलं नसतं. वार्षिक एनपीपीची फाइल वेगळी असते.

आता खरी मेख. एनपीपी हा झाडाचा हिशेब, एनईपी अख्ख्या परिसंस्थेचा. झाडाने बनवलेली पानं गळतात, बारीक मुळं मरतात, आणि बुरशी, जिवाणू, वाळवी हे सगळं खाऊन कार्बन परत हवेत सोडतात. एनपीपीतून हे कुजण्याचं श्वसन वजा केल्यावर उरते ती एनईपी. समजा, एका बागेत दर चौरस मीटरला वर्षाची जीपीपी २००० ग्रॅम कार्बन, झाडांचं श्वसन १०००, कुजण्याचं ९००. एनपीपी झाली १०००, एनईपी फक्त १००. म्हणजे हेक्टरी १० टन कार्बन की १ टन, इतका फरक. अहवालात दहा छापायचे आणि प्रत्यक्षात साठायचा एकच, हा प्रकार आता थांबावा.

इथवर समजलेली माणसंही पुढच्या पायरीवर घसरतात. ती जमिनीवर चेंबर, म्हणजे मातीतून निघणारा वायू पकडणारं बंद भांडं, ठेवून मातीचं श्वसन मोजतात आणि तो आकडा थेट एनपीपीतून वजा करतात. पण चेंबरला कुजणारा पाला आणि जिवंत मुळं वेगळी कळत नाहीत. वरच्याच बागेत मुळांचं श्वसन ५०० असेल तर चेंबर १४०० दाखवेल. १००० वजा १४०० म्हणजे उणे ४००, आणि चांगली बाग कागदावर प्रदूषक ठरते. मुळांचे ५०० एनपीपी काढतानाच वजा झालेले होते, ते दोनदा कापले गेले.

उपाय कष्टाचा आहे: जिवंत मुळं तोडून फक्त कुजण्याचं श्वसन मोजायचं. जमिनीचा लहान चौकोन निवडून त्याच्या चारी बाजूंनी मुळं जिथवर जातात तिथवर, कातळावर असाल तर जांभा लागेपर्यंत, चर खणायचा, त्यात प्लॅस्टिकचा कागद उभा लावून माती परत भरायची आणि आत काहीही उगवू द्यायचं नाही. लगेच मोजायचं नाही. तोडलेली मुळं काही महिने स्वतःच कुजत राहतात आणि आकडा फुगवतात. पाणी ओढणारी मुळं नसल्यामुळे हा चौकोन बाहेरच्यापेक्षा ओला राहतो, म्हणून दोन्हीकडची ओल नोंदवायची. चेंबर ज्यावर ठेवतात ते कडं मातीत आदल्या दिवशीच बसवावं.

जंगल तोडून लावलेल्या काजूत हा घोळ सर्वांत महागात पडतो. कलमं जोमात असतात, एनपीपी दरवर्षी चढते, आणि जमिनीखाली जुन्या ऐन-किंजळीची मुळं कुजत असतात. अशी बाग लागवडीनंतर काही वर्षं कार्बन गमावत असू शकते. संगणकावरच्या प्रारूपातही (मॉडेलमध्ये) हे आपोआप दिसत नाही. मातीतला साठा स्थिर होईपर्यंत प्रारूप आधी शेकडो-हजारो वर्षं तेच हवामान देऊन चालवतात. त्या शेवटी एनईपी शून्याजवळ येणारच, तुम्हीच ती तिथे आणलेली असते. तोडीची घटना वेगळी घातली नाही तर निष्कर्ष कवडीमोल.

ऋतूंचंही तेच. जूनच्या पहिल्या सरीने सुकलेली माती भिजली की कार्बन डायऑक्साइडचा लोट उठतो, त्याला बर्च परिणाम म्हणतात. त्या आठवड्यात हिरवेपणाचा निर्देशांक जेमतेम हललेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे उपग्रहाची चित्रंच धड मिळत नाहीत. एप्रिलची अडचण तर खास किनाऱ्याची. मोडिसचं गणित कोरडेपणा हवेतल्या बाष्पावरून ओळखतं, मातीच्या ओलीवरून नाही. समुद्राकाठी हवा दमट आणि जांभा ठणठणीत कोरडा, त्यामुळे सदाहरित आंब्याची जीपीपी फुगून येण्याचा धोका मोठा.

बागेच्या वर उभारलेल्या टॉवरवर मोजलेली एनईई, म्हणजे परिसंस्था आणि हवा यांच्यातली कार्बनची निव्वळ देवाणघेवाण, ढोबळमानाने हीच एनईपी, फक्त चिन्ह उलटं. बाग कार्बन घेत असेल तर आकडा उणे येतो, घाबरू नका.

राबासाठी तोडलेल्या फांद्या, सड्यावरचं कापून नेलेलं गवत, वणवा, पेटीतून गेलेले आंबे हे एनईपीनंतर वजा करायचे, तेव्हा एनबीपी, म्हणजे सगळं जाऊन शेवटी उरलेला कार्बन, मिळते. आंब्यात बहुतेक पाणीच, तिथे डोकं शिणवू नका. गवत आणि लाकूड मात्र नीट तोला. खाडीतल्या कांदळवनाला तर यातलं काहीच जसंच्या तसं लावू नये. चिखलात कुजणं मंद असतं, पण ओहोटीच्या पाण्यात विरघळून जाणारा कार्बन ना चेंबरला दिसतो, ना टॉवरला. तो खाडीच्या पाण्याचे नमुने घेऊनच मोजावा लागतो.