पुण्यातला 'नवा चेहरा' येतो कुठून?

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत पुणे शहरातल्या आठ जागांवरून जे निवडून आले, त्यातले सात जण आधीच आमदार होते किंवा राहून गेलेले होते. वडगाव शेरीचे बापू पठारे तर पंधरा वर्षांपूर्वीचे आमदार. आठवे कसब्याचे हेमंत रासने. पहिल्यांदा आमदार झाले खरे, पण २०२३ च्या पोटनिवडणुकीत हरून आलेले. म्हणजे पहिल्याच खेपेला उभा राहिला आणि जिंकला, असा एकही नाही.

उमेदवार व्हायला कागदोपत्री अडसर फारसा नाही. वय २५ पूर्ण, नाव मतदार यादीत, दहा हजार रुपये अनामत. अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच हजार. १९५१ च्या कायद्यात ही अनामत २५० रुपये होती. हौशे-गवशे वाढले तशी १९९६ मध्ये पाच हजार आणि पुढे दहा हजार झाली. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर ती जप्त. अपक्षाला अर्जावर सही करणारे दहा सूचक लागतात, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच. खर्चाची मर्यादा चाळीस लाख. कार्यकर्त्यांच्या चहा-वडापावचाही हिशेब निवडणूक शाखेच्या दरपत्रकाप्रमाणे लागतो. यातलं काहीच अशक्य नाही. अडतं ते एबी फॉर्मपाशी, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या पत्रापाशी. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो कोणाच्या हातात पडतो, यावर निम्मी लढत ठरते.

पुण्यात त्या फॉर्मकडे जाणारी वाट बहुधा महापालिकेतून जाते. गणेश मंडळ, मग प्रभाग, मग स्थायी समिती किंवा सभागृहातलं एखादं पद, आणि मग विधानसभा. १९९५ ते २०१४ सलग पाच वेळा कसबा जिंकणारे गिरीश बापट आधी नगरसेवक होते. माधुरी मिसाळ, मेधा कुलकर्णी, चेतन तुपे, सिद्धार्थ शिरोळे हे आजी-माजी आमदारही महापालिकेतूनच आलेले. २०१९ मध्ये कसब्यातून पहिल्यांदा आमदार झालेल्या मुक्ता टिळक त्या वेळी शहराच्या महापौर होत्या. त्यांना 'नवखं' म्हणणं जरा धाडसाचंच! स्थानिक संस्थांमधलं महिला आरक्षण नव्वदच्या दशकात आलं नसतं तर यातल्या किती जणींना पहिली पायरी तरी मिळाली असती, हा प्रश्नच आहे.

२०१९ चंच कोथरूड आणखी गमतीचं. तिथल्या आमदार मेधा कुलकर्णींना थांबवून भाजपने कोल्हापूरच्या चंद्रकांत पाटलांना उतरवलं. ते तेव्हा महसूलमंत्री आणि पक्षाचे प्रदेशाध्यक्ष होते, पण पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर गेलेले. विधानसभा ते पहिल्यांदाच लढत होते. 'बाहेरचा उमेदवार' म्हणून कोथरूडकरांनी मनसोक्त कुरकुर केली आणि सुमारे २५ हजारांच्या मताधिक्याने निवडूनही दिलं.

खऱ्या अर्थाने दार उघडलं ते २००९ मध्ये. मतदारसंघांची फेररचना झाली, भवानी पेठ आणि बोपोडी नकाशावरून गेले. कोथरूड, खडकवासला, वडगाव शेरी आले. विद्यमान आमदारच नाही म्हटल्यावर कोणाची नाराजी सांभाळायची? कोथरूडला शिवसेनेचे चंद्रकांत मोकाटे, वडगाव शेरीला राष्ट्रवादीचे बापू पठारे आणि खडकवासल्याला अंगावरच्या सोन्यामुळे राज्यभर ओळखले गेलेले मनसेचे रमेश वांजळे. तीन जागा, तीन पक्ष, तिघेही पहिल्यांदाच आमदार. २०११ मध्ये वांजळेंचं निधन झालं आणि पोटनिवडणुकीत नगरसेवक भीमराव तापकीर आले. ते आजवर हललेले नाहीत. २०२४ मध्ये वांजळेंचे चिरंजीव मयुरेश मनसेकडून पहिल्यांदा उभे राहिले आणि तिसऱ्या क्रमांकावर राहिले. घराण्याचं नाव ओळख करून देतं, मतदान केंद्रावर बसायला माणसं देतंच असं नाही.

पोटनिवडणूक हा दुसरा दरवाजा. कसब्यात रवींद्र धंगेकर २००९ आणि २०१४ मध्ये मनसेकडून पडले होते. मुक्ता टिळक यांच्या निधनानंतर २०२३ मध्ये काँग्रेसकडून ते सुमारे अकरा हजारांनी जिंकले आणि पुढच्याच वर्षी रासनेंकडून हरले. चिकाटी म्हणतात ती ही. तिकीट एकदा मिळून भागत नाही.

मधल्या काळात ही शिडीच काढून घेतली गेली होती. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसला. २०२४ च्या विधानसभेला सगळेच 'माजी' नगरसेवक होते. निधी नाही, सभागृह नाही, नळाला पाणी आलं नाही तरी हक्काने फोन करता येईल असं पद नाही. त्या वर्षी कसब्यात कमल व्यवहारे, पर्वतीत आबा बागूल, शिवाजीनगरात मनीष आनंद यांनी पक्षाविरुद्ध बंड केलं, तिघेही पडले. पद नसलेल्या माणसाचं बंड पक्षाला परवडतं, असा माझा तर्क.

आज शहरातल्या आठ आमदारांत बाई एकच, माधुरी मिसाळ. २०२३ च्या घटनादुरुस्तीने विधानसभेतल्या एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव ठेवल्या आहेत, पण जनगणना आणि त्यानंतरच्या फेररचनेनंतर. म्हणजे नवा नकाशा आणि नवं आरक्षण एकाच वेळी येणार. आठपैकी दोन-तीन जागी विद्यमान आमदाराला कदाचित उभंच राहता येणार नाही, आणि कोणत्या, हे आज कुठल्याच पक्षाच्या शहराध्यक्षाला सांगता येत नाही.