तीन इंची भोक आणि तिथवरचा रस्ता

फेब्रुवारी 2023 मध्ये जम्मूतल्या रियासी जिल्ह्यात 59 लाख टन लिथियम सापडल्याची बातमी आली आणि विजेच्या गाड्या आता स्वस्त होणार, अशी गणितं लोक मांडू लागले. तो आकडा लिथियमचा नव्हता, लिथियम असलेल्या दगडाचा होता. तोही जी-3 पातळीचा. खनिजशोधाच्या, ढोबळ जी-4 ते पक्क्या जी-1 अशा चार पायऱ्या असतात, त्यातली ही दुसरी. 2024 मध्ये पुरेसे बोलीदार न मिळाल्याने तिथला लिलाव रद्द झाला. ती बातमी मात्र व्हॉट्सॲपवर फिरली नाही.

2023 मध्येच वनसंवर्धन कायदाही बदलला. केंद्र ठरवेल त्या अटींवर पूर्वेक्षण (खनिजाचा शोध), भूकंपलहरींचं सर्वेक्षण वगैरे कामं ‘वनेतर’, म्हणजे जंगलात करायला केंद्राची पूर्वपरवानगी लागणारी, धरायची नाहीत, अशी सोय झाली. शोध म्हणजे खाण नव्हे, हा त्यामागचा युक्तिवाद. तो किती खरा, हे कळायला ड्रिलिंग बघावं लागतं.

शेतातल्या बोअरचं मशीन हातोड्यासारखं दणके देत दगडाचं पीठ करतं. भूवैज्ञानिकाला पीठ नको, अखंड दगड हवा. म्हणून त्याच्या मशीनचं बिट, म्हणजे दगड कापणारं टोक, पोकळ असतं, बांगडीसारखं. ते कडेकडेने कापत जातं आणि मधला दांडा, म्हणजे कोअर, आतल्या नळीत सरकतो. नेहमीच्या एका मापात भोक 75.7 मिलिमीटर आणि कोअर 47.6. बोअरच्या साडेसहा इंचांपुढे हे काहीच नाही! शंभर मीटर खोल गेलं तरी कोअर साधारण पाचशे किलोच भरतो.

बिटच्या तोंडाला हिऱ्यांचे कण धातूच्या भुकटीत मिसळून बसवलेले असतात. कण बोथट झाले की भोवतालचा धातू झिजून नवे उघडे पडले पाहिजेत. त्यामुळे दगड जितका कठीण, तितका बिटचा धातू मऊ लागतो. उलटं केलंत तर हिरे नुसते गुळगुळीत होतात आणि बिट जागच्या जागी फिरत राहतं. वाळूमिश्रित दगड मात्र धातू भराभर खातो, तिथे कठीण धातूचं बिट. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. (तळहातावर नारळ उभा राहिला की खाली पाणी, असं सांगणाऱ्याला बिट निवडावं लागत नाही.)

तर भोक खरंच किरकोळ आहे. पण रिग, म्हणजे ड्रिलिंगचं यंत्र, जंगलात उडत जात नाही. तिच्यासाठी रस्ता पाडायचा, उतारावर सपाट जागा करायची, बिट थंड ठेवायला जवळच्या ओढ्यातून पाणी उपसायचं, गाळासाठी खड्डा खणायचा. विमानातून चुंबकीय क्षेत्र मोजणं आणि हे, दोन्हींना एकच शब्द: सर्वेक्षण. पुढच्या पायऱ्यांवर भोकं जवळजवळ येतात, त्यांची संख्या वाढते आणि रस्त्यांना फाटे फुटतात. म्हणून सवलतीच्या अटींत भोकांबरोबर रस्त्याचे मीटरही मोजावेत असं मला वाटतं. सुटे भाग खांद्यावरून नेता येतील अशा हलक्या रिगही मिळतात. त्यांची खोलीची पोच तेवढी कमी असते.