गाल बधिर झाला तर एमआरआयमध्ये चरबी का बघतात?

तोंडातल्या टाळूवर बारीकशी गाठ असते, दुखत नाही म्हणून कोणी मनावर घेत नाही, आणि मग कधीतरी त्याच बाजूचा गाल बधिर वाटायला लागतो, मुंग्या येतात, माणूस दाताच्या डॉक्टरकडे जातो तर दात ठणठणीत! लाळग्रंथींचा ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हा कॅन्सर यासाठी बदनाम आहे. वाढतो हळू, पण नस (म्हणजे नर्व्ह, रक्ताची नव्हे) धरली की तिच्या कडेकडेने कवटीच्या आतपर्यंत सरकतो. याला पेरिन्यूरल स्प्रेड म्हणतात. तोंडाच्या आणि चेहऱ्याच्या त्वचेच्या स्क्वेमस सेल (वरच्या थरातल्या चपट्या पेशींच्या) कॅन्सरमध्येही हे होतं.

जास्त करून सापडतात त्या दोन नसा, पाचवी म्हणजे चेहऱ्याचा स्पर्श कळवणारी आणि सातवी म्हणजे चेहरा हलवणारी. टाळूची नस वरच्या जबड्यामागच्या टेरिगोपॅलाटाइन फोसा नावाच्या (नाव घेताना जीभ अडखळते) चिंचोळ्या फटीत जाते आणि पुढे फोरामेन रोटंडम या भोकातून कवटीत.

आता गंमत बघा, रेडिओलॉजिस्ट तिथे आधी ट्यूमर नाही, चरबी शोधतो. काँट्रास्ट (शिरेतून द्यायचं, इमेज उठावदार करणारं औषध) द्यायच्या आधीच्या साध्या टी-वन (एमआरआयचा एक प्रकार) इमेजमध्ये चरबी पांढरी दिसते आणि त्या फटीत ती मुळातच भरलेली असते, त्यामुळे एका बाजूला पांढरं आणि दुसऱ्या बाजूला करडं दिसलं की चरबीची जागा ट्यूमरने घेतली असेल अशी शंका घ्यायचीच. मग गॅडोलिनियम हे काँट्रास्ट देऊन, चरबीचा सिग्नल दाबून पुन्हा इमेज घेतात, नाहीतर त्याने चमकणारी ट्यूमरची नस चमकणाऱ्या चरबीत हरवते. सीटीत भोक रुंद झालेलं दिसतं खरं, पण तोवर बराच उशीर झालेला असतो.

अजून एक खूण म्हणजे पाचव्या नसेची खालची फांदी निकामी झाली की त्या बाजूचे चावायचे स्नायू सुकतात आणि त्यांच्यात चरबी भरते.

माझ्या मते खरी गडबड एमआरआय लिहून देतात त्या फॉर्मवर होते. नुसतं ‘एमआरआय ब्रेन’ लिहिलं तर स्लाइस जाड येतात आणि जबडा धड येतच नाही. पाहिजे काय, तर हनुवटीपासून ब्रेनस्टेमपर्यंत (मेंदूच्या देठापर्यंत) अख्खी नस, पातळ स्लाइसमध्ये, कारण ट्यूमर मधला भाग सोडून पुढेही दिसू शकतो. ‘उजवा गाल बधिर, पूर्वी टाळूचं ऑपरेशन’ एवढं लिहिलं तरी बघणाऱ्याची नजर बरोबर जागी जाते. तेच महिनोन्महिने न सुधारणाऱ्या बेल्स पाल्सीचं (सातव्या नसेमुळे चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते ती).

एमआरआय क्लीन आला तरी सूक्ष्म पसरण असू शकते, म्हणून बायोप्सीत नस धरलेली दिसली की रेडिएशन देताना बऱ्याचदा नसेचा कवटीच्या तळापर्यंतचा रस्ताही कव्हर करतात.